आबांनी त्या भोकात नाला सोडला

आमच्याकडे कोरडी बोअर दिसली की लोकांचे हात शिवशिवतात. पावसाळ्यात नाला भरला की चारी खणायची, भोवती गोटे रचायचे आणि पाणी बोअरमध्ये सोडायचं, म्हणजे उन्हाळ्यात केळी तगते. सातपुड्याच्या पायथ्याला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टेकडीवर मशीन घेऊन आलेल्या साहेबांना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी खोल भोक पाडलं आणि आतून निघालेले दगडाचे गोल दांडे पेट्यांत भरले. अणुभट्टीचा कचरा पुरायला जागा बघताहेत, ही बातमी गावात फुटलीच. मी पिंप्राळ्याहून मुद्दाम गावी आले आणि साहेबांना विचारायला गेले.

"ताई, खडक अखंड आहे. हजारो वर्षं आतलं काही बाहेर येणार नाही," साहेब म्हणाले.

एवढी लांबलचक हमी इतक्या सहज देणाऱ्या माणसाची मला भीतीच वाटली. आमच्याकडे उद्या लाईट असेल का, हेसुद्धा कुणी छातीठोक सांगत नाही.

भोकावर झाकण ठेवून ते निघून गेले. नाला भरलेलाच होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, झाकण काढलं आणि दरवर्षीच्या सवयीने नाला आत सोडला. एवढं आयतं भोक वाया कशाला घालवायचं!

दुसऱ्या दिवशी भाऊ ओरडतच घरी आला. "आबा, इहिरीत पानी चढू राहिलं! देवाले नारय फोडा!"

आम्ही सगळे धावलो. आमची विहीर पायथ्याच्या काळ्या मातीतली. पाणी गढूळ झालं तरी काळसरच व्हायचं. आता ते लाल होतं, टेकडीवरच्या मुरमासारखं लाल. आबा खुशीत हसत होते. मी वर टेकडीकडे बघितलं.

"आबा, हे ज्या वाटेनं आलं ना, त्याच वाटेनं उद्या तो कचराही येईल."

आबांचं हसू थांबलं. भाऊ म्हणाला, "मंग भोक बुजून टाकू."

"भोक बुजेल रे. खालच्या भेगा कोण बुजवणार?"

आपण घाबरलोय हे मला लपवता येईना. वहिनी भरलेला हंडा कमरेवर घेऊन उभी होती. तिचे दिवस भरत आले होते आणि घरात प्यायला हेच पाणी होतं.

"मंग आबा, तो कचरा पुरला का आम्ही पानी कोनतं प्यावं?" तिने विचारलं.

आबांनी तिच्या कमरेवरचा हंडा काढून घेतला आणि ओतून दिला. दुसरा भरायला तीच एक विहीर होती.