न फुटलेली संख्या

शाळेतून फोन आला तेव्हा मी दूध तापवत होतो. "काका, बाई वर्गातच कोसळल्या..." गॅस बंद केला, चपला घातल्या. रिक्षा स्वारगेटच्या सिग्नलला अडकली तेव्हाच मला कळून चुकलं, ती गेली. त्याला आता दीड महिना झाला.

माझी बायको शैलजा गणित शिकवायची. मी कारखान्यात फिटर. गणिताशी माझा संबंध मापापुरता. गेली बारा-तेरा वर्षं आमच्या मधल्या खोलीतला कॉम्प्युटर सतत चालू असायचा. तो एका संख्येचे अवयव शोधत होता. "पंधरा म्हणजे तीन गुणिले पाच, तसं," तिनं सांगितलं होतं. "ही तीनशेहून जास्त आकड्यांची आहे. ती फुटते हे सिद्ध झालंय. कशी, ते कुणालाच माहीत नाही."

"अवयव सापडले नाहीत, तर फुटते हे कशावरून?"

"अहो, तुकडे न बघताही ते कळतं."

एका दुपारी पहिल्या पाळीवरून येऊन मी आडवा झालो होतो. कॉम्प्युटरच्या घरघरीनं झोप लागेना, म्हणून उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. ती शाळेतून आली, काळा पडदा पाहिला, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. मी समजलो, तिची कित्येक महिन्यांची मेहनत माझ्यामुळे वाया गेली. माफी मागायचं राहूनच गेलं...

दहाव्यानंतर तिची जुनी विद्यार्थिनी मेधा भेटायला आली. ती हडपसरला आयटीत आहे. कॉम्प्युटर तिनंच बसवून दिला होता. हे सगळं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. ती जरा गोंधळली. "पण काका, बंद केल्यानं काही जात नाही. प्रत्येक प्रयत्न वेगळा असतो. फार तर त्या दुपारचं काम गेलं असेल. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं."

मग ती दोन दिवस गप्प का होती?

आदल्या दिवशी मी काही बोललो होतो का? काही विसरलो होतो? कसबा पेठेत तिच्या बहिणीला जाऊन विचारलं. "ताई कधी काही बोलली नाही," एवढंच ती म्हणाली, आणि नजर वळवली.

मुलगा म्हणतो, "बाबा, बंद करा आता ते." मी करत नाही. सकाळी चहा घेऊन मधल्या खोलीत बसतो; तिच्या खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर. पडद्यावर 'अवयव सापडला नाही' अशी एक ओळ येते आणि खाली नवा प्रयत्न सुरू होतो. काल त्या ओळीकडे बघता बघता मी मोठ्यानं विचारलं, "काय झालं होतं गं तेव्हा?"

आणि खरंच, उत्तराची वाट बघत बसलो.