बसऱ्याला शून्य

माझी शाळा सातवीत सुटली. आठवीचा वर्ग पलीकडच्या गावाला, मधे नदी, आणि मुलीला रोज कोण पोचवणार? लग्न झाले तशी साताऱ्याकडच्या त्या गावातून थेट दिल्लीत आले, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवरा केंद्र सरकारच्या ऑफिसात कारकून. इथे पहिली काही वर्षे मी भाजीवाल्याशी बोलतानाही वाक्य आधी मनात म्हणून बघत असे.

पण या शहराचा माझ्यावर एक मोठा उपकार आहे. मुलगी नववीत हिंदी माध्यमात होती आणि तिचे इतिहासाचे पुस्तक देवनागरीत होते. ती शाळेत गेली की मी ते वाचत बसे. इंग्रजांनी आपल्यासारखे आणखी कितीतरी देश दाबून ठेवले होते, हे मला पस्तिसाव्या वर्षी, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून कळले.

पहिल्या महायुद्धाच्या धड्याशी मी अडखळले. साल, इंग्रज, तुर्क, सगळे ओळखीचे वाटत होते. मग एकदम लक्षात आले, अरे, ही तर बसऱ्याची लढाई! आमच्या घरात तिला दुसरे नावच नव्हते. माझे आजोबा त्या लढाईला गेले होते. भरतीच्या कागदावर अंगठा दिला, कागदात काय आहे ते कुणी वाचून दाखवले नाही. तिकडे इराकात तुर्कांच्या वेढ्यात धान्य संपले, तेव्हा घोडे कापून खावे लागले. परत आले ते हाडांचा सापळा होऊन. लढाई नेमकी कोणाची होती, हे त्यांना मरेपर्यंत सांगता आले नाही.

हे सगळे मी मुलीला सांगितले. तिनेही चाचणीत लिहिले. प्रश्न होता, प्रथम विश्वयुद्ध कुठे लढले गेले. तिने लिहिले, बसऱ्यात, आमचे पणजोबा तिथे होते.

पेपर आला तो लाल शाईने गोल केलेला. शून्य. शेजारी शेरा, ‘घर की बातें न लिखें.’ खाली पालकांच्या सहीची जागा.

“आई, यापुढे तू मला नको शिकवूस. प्लीज,” मुलगी म्हणाली.

नवरा हसत होता. “यार, बसऱ्याचे मोती ऐकलेत नथीतले. लढाई कुठून काढलीस?”

त्याचे काही वाटले नाही. मुलीचे लागले. तिला द्यायला माझ्याकडे पोळीभाजीखेरीज हे एवढेच होते आणि तेही ती परत करत होती.

शनिवारी पालकांची मीटिंग होती. मुलगी बरोबर होती. वाटभर मी हिंदी वाक्ये घोकत गेले. त्यातून शून्य देणाऱ्या या इतिहासाच्या मॅडमचे आमच्यावर ऋण होते. आम्हाला वर्षाच्या मध्यात दुसरे क्वार्टर मिळाले आणि शाळा बदलावी लागली, तेव्हा मुलीला वर्गात त्यांनीच घेतले होते. त्यांच्यासमोर मी आजवर ‘जी मॅडम’पलीकडे गेले नव्हते.

“मॅडम, बसरा ग़लत नहीं है,” मी म्हटले.

त्यांनी शांतपणे पुस्तक उघडून नकाशा पुढे केला. “दिखाइए बसरा.”

नकाशात बसरा नव्हताच. तुर्कस्तान अर्धा छापून कागद संपला होता. मी बोट तुर्कस्तानवर ठेवले आणि खाली उजवीकडे सरकवत नेले. कागद संपला, पुस्तक संपले, बोट टेबलाच्या लाकडावर टेकले.

“इधर. मेरे दादाजी इधर थे.”

“टेबल पे नंबर नहीं मिलते, बहनजी.” मागच्या बाकावरच्या दोघीतिघी हसल्या. “आप कहाँ तक पढ़ी हैं?”

“सातवीं.”

“तो फिर?”

“तो फिर क्या? बसरा सातवीं के बाद बना है?”

हे माझ्या तोंडून कसे गेले मला कळले नाही. मॅडमनी पेन पुढे केले. “साइन कर दीजिए. बात ख़त्म.”

“मेरे दादाजी ने बिना पढ़े अंगूठा लगाया था. मैंने पढ़ लिया है. नहीं करूँगी.”

शून्य शून्यच राहिले. वर शिक्षा म्हणून मुलीने बरोबर उत्तर पाच वेळा लिहून आणायचे ठरले. आपल्या तोंडाळपणाची फळे पोरीला भोगावी लागणार, हाच घोर.

संध्याकाळी ती वही घेऊन बसली. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. मी कणीक मळता मळता लांबूनच वाचत होते. ‘प्रथम विश्वयुद्ध यूरोप में लड़ा गया.’ पेन जरा थांबले. मग त्याच ओळीत पुढे, ‘और बसरा में.’ दुसऱ्यांदाही तसेच. तिसऱ्यांदाही.

“अगं, मॅडम रागावतील,” मी म्हणाले.

“रागावू देत.” तिने मान वर केली. “पणजोबा तिकडे किती वर्षं होते?”

“तीन.”

“नक्की ना? लिहिणारे मी.”

“नक्की,” मी म्हटले.