आडवा वारा

धरमपेठेत रस्त्यावर डांबर ओतत होते. त्या वासानं पन्नास वर्षांपूर्वीचं मिशनच्या शाळेचं उन्हाळी शिबिर आठवलं, आणि बुडाला डांबर फासलेली लाकडी होडी. जंगलातल्या तलावावर होडीत आम्ही दोघीच होतो. पुढं मैत्रीण, मागं मी. मध्यावर वारा सुटला, पाणी आत येऊ लागलं. मी होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. मैत्रीण ओरडली, "तिकडं काहून वळवून राहिली वं? किनारा तं मागं आहे!" "लाट आडवी लागली तं उलटून जाऊ. तू वल्हं मार!" येशूचं नाव घेत, रडत रडत तिनं वल्हं मारलं. वारा पडल्यावर आम्ही परतलो. किनाऱ्यावरून सगळं पाहत असलेल्या शिबिराच्या बाईंनी दरडावून विचारलं, "होडी कोणी वळवली?" "मी," मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः माझ्या होडीत बसल्या. पुढं, माझ्याकडे पाठ करून, निवांत. नंतर बक्षिसं पुष्कळ मिळाली, पण त्या निश्चिंत पाठीएवढं मोठं एकही नाही.