एकट्याच्या मापाची वाकळ

आमच्या सासरी वाकळ दोनच मापांची शिवली जायची. नवरा-बायको आणि मध्ये एखादं लेकरू झोपेल अशी मोठी, नाहीतर तान्ह्या बाळाची लहान. गोधडीला आमच्याकडं वाकळच म्हणतात. म्हणून त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर सासूबाईंनी ओसरीत कापड अंथरलं तेव्हा माझी नजर त्याच्या रुंदीवरच अडकली. जेमतेम अडीच हात होती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. घरात आम्ही तिघंच. त्या, त्यांचा एकुलता मुलगा म्हणजे माझे यजमान, आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. यजमान सौंसरच्या कचेरीत कारकून होते, आणि आम्ही दोन खोल्या आणि ओसरी अशा भाड्याच्या घरात राहत होतो. आत्याबाईंना वाकळी शिवायचा नादच होता. भाचीचं लग्न ठरलं, कुणाला दिवस गेले, कुणी नवं घर बांधलं, की यांची सुई निघालीच. विकत कधी कुणाला दिली नाही. त्यांचा एक नेम होता. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावरचं एकतरी कापड वाकळीत गेलं पाहिजे. मी नवी नवरी होऊन आले त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी माझा माहेरचा फुलांचा परकर मागून घेतला होता आणि आमच्या वाकळीच्या मधोमध लावला होता. त्या दिवशी मला या घरात जागा मिळाल्यासारखं वाटलं होतं.

या वेळी त्यांनी माझ्याकडं काहीच मागितलं नाही.

"कोनासाठी शिवून राहिल्या, आत्याबाई?" मी विचारलं.

"घरासाठीच. आनखी कोनासाठी?"

"रुंदीले कमी दिसते."

"कापड होतं तेवढं," त्या म्हणाल्या आणि कापडाची घडी घालून आत घेऊन गेल्या. कापड कमी नव्हतं हे मला माहीत होतं. फडताळात जुन्या कपड्यांचं गाठोडं भरलेलं होतं.

ते दिवसच असे होते की सरळ उत्तर कुणी कुणाला देत नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मी माहेरी पांढुर्ण्याला चौथीत होते, शाळेत लाडू वाटले होते आणि सगळे एकमेकांशी मोठ्यानं बोलत होते. राज्यांची फेरमांडणी आली तेव्हा मात्र माणसं हळू बोलायला लागली. आजवर आमची राजधानी नागपूर होती. आता नागपूर मुंबईच्या राज्यात जाणार आणि सौंसर-पांढुर्णा भोपाळच्या राज्यात राहणार, असं ठरलं होतं. ज्यांची मुळं नागपूर-वऱ्हाडाकडची आहेत अशा नोकरदारांना, इकडे राहता की तिकडे जाता, असं विचारणार म्हणत. यजमानांचे आजोबा काटोलकडचे. त्यामुळे आमच्याकडं लोकांचं बारीक लक्ष होतं. शेजारचे मास्तर दार लोटून हिंदीचं व्याकरण वाचून राहिले, असं त्यांच्या बायकोनं मला विहिरीवर सांगितलं आणि वर म्हणाली, "कोनाले सांगू नको." सांगितलं असतं तर मास्तरांनी नागपूरची आशा सोडली असा त्याचा अर्थ झाला असता. मी नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून मास्तर दिसले की त्यांच्या हातातल्या पिशवीकडं माझं लक्ष जायचं.

यजमानांनी एक दिवस कचेरीतून लांबट पाकीट आणलं. कशाचं म्हणून विचारलं तर "कचेरीचं," एवढंच म्हणाले. पाकीट पेटीत गेलं आणि पेटीला कुलूप लागलं. लग्न झाल्यापासून त्या पेटीला मी कुलूप पाहिलं नव्हतं.

त्यानंतर चारच दिवसांनी आत्याबाईंची मोठी बहीण रामाकोन्याहून आली. मी चुलीपाशी होते आणि त्या दोघी ओसरीत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "न्यायले हलकी पाहिजे. लय थर नाही देत." बहीण काहीतरी हळू बोलली. मी चहा घेऊन गेले तर दोघी संत्र्याच्या बागेला पाणी पुरेल की नाही याबद्दल बोलायला लागल्या.

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. यजमान नव्या राजधानीत, भोपाळला जाणार. तिकडे राहायला खोल्या मिळत नाहीत, माणसं एकटीच जाऊन राहतात, असं मी ऐकलं होतं. म्हणून एकट्याची वाकळ, न्यायला हलकी. आईला ठाऊक होतं, मावशीला ठाऊक होतं, मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि अजून मूल नव्हतं. मला पांढुर्ण्याला पाठवून देतील आणि परत बोलावणारच नाहीत, इथपर्यंत माझी मजल गेली. यजमानांना सरळ विचारावं एवढं धैर्य मला झालं नाही. मी फक्त त्यांच्याकडं बघत राहायची. ते जेवताना मान वर करत नव्हते, आणि त्याचाही मी अर्थ लावला.

एका शनिवारी आत्याबाई शेजारणींबरोबर बैलगाडीनं जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेल्या. घरात मी एकटी होते. दुपारचं ऊन ओसरीत आलं होतं. मी फडताळातून वाकळ काढली. निम्म्याच्या वर शिवून झाली होती. वरचं कापड आत्याबाईंच्या हिरव्या लुगड्याचं होतं. आत काय घातलं असेल या विचारानं मला राहवेना. मूल होत नाही म्हणून काही उतारा, काही चिठ्ठी शिवली असेल का, असंही मनात आलं. आज सांगताना लाज वाटते, पण आलं. मी एक कोपरा वीतभर उसवला आणि एकेक थर बोटानं उचलून पाहिला.

चिठ्ठी नव्हती. आत्याबाईंची दोन जुनी लुगडी होती आणि मध्ये सासऱ्यांचं धोतर होतं. माझं काही नव्हतं. यजमानांचा सदरासुद्धा नव्हता. त्याचं मला नवल वाटायला हवं होतं, पण मी तिथं थांबले नाही. मुलासाठी आई-बापाचं कापड घातलं आणि सुनेला वगळलं, एवढंच मी पाहिलं. डोळे पुसून मी कोपरा परत शिवला आणि वाकळ होती तशी घडी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई वाकळ घेऊन ओसरीत बसल्या. मी तांदूळ निवडत होते. त्यांचा हात थांबलेला मला समोर न बघताही कळला.

"हा टाका माहा नाही," त्या म्हणाल्या.

मी सुपातले खडे वेचत राहिले.

"माहा टाका आखूड असते. हा लांब आहे अन् उजवीकडे झुकते. तू उसवली काय वं?"

"हाव."

"कायले?"

"आत काय आहे ते पाहाले."

त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. "मंग काय भेटलं?"

"तुमची लुगडी. मामंजींचं धोतर." मी सूप बाजूला ठेवलं. "माझं काहीच नाही भेटलं. त्यायले एकट्याले पाठवून राहिल्या ना तुमी? मले सांगितलं असतं तर मी स्वतः बांधून दिली असती."

त्यांनी मान वर केली. "कोनाले पाठवून राहिली मी?"

"त्यायले. भोपाळले."

"तो भोपाळले कायले जाईल? तुमी तर नागपूरले चालले ना?"

मग त्या सांगत गेल्या. माझा भाऊ नागपूरला नोकरीला होता आणि त्या पावसाळ्यात त्याची दोन पत्रं मला आली होती. मी ती वाचून पोलक्यात ठेवली होती, कारण त्यात त्याच्या लग्नाच्या बोलण्याची गोष्ट होती आणि ती अजून पक्की नव्हती. आत्याबाईंनी ते पाहिलं होतं. पेटीचं कुलूपही पाहिलं होतं. त्यांनी ठरवून टाकलं की भाऊ-बहिणीनं मिळून यजमानांना नागपूरकडं वळवलं आहे, आणि म्हातारीला इथंच ठेवून जायचा बेत आहे.

"मी रामाकोन्याले बहिनीकडे राहीन म्हटलं. तिथं लोकाच्या पांघरुनात कायले झोपू? म्हणून आपली आपली शिवून घेतली." त्यांनी धोतराचा थर जिथं होता तिथं हात ठेवला. "तुमचे कपडे त्यात कायले घालू? तुमाले नको होती मी."

"आम्ही असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाही. पण काहीच म्हटलं नाही."

यजमान आंघोळ करून बाहेर आले तेव्हा आम्ही दोघीही त्यांच्याकडं वळलो. आत्याबाई म्हणाल्या, "ते पाकीट आण."

त्यांनी पेटी उघडली. आतून कागद निघाला. कुठल्या राज्यात नोकरी करायची मर्जी आहे, ते लिहून द्यायचं होतं. रकाना कोरा होता. सहीही नव्हती.

"कधीपर्यंत द्यायचा होता?" मी विचारलं.

"कालपर्यंत."

"मंग आता?"

"न देनारे जिथं आहेत तिथंच राहतात." ते खाटेवर बसले. "मी विचारनार होतो. पन तू भावाची पत्रं लपवून राहिली, आई एकटीची वाकय शिवून राहिली. मले वाटलं, तुमचं दोघींचं काही फाटलं आहे. नागपूर म्हटलं तर आई नाही येनार, इथं म्हटलं तर तू नाही राहनार. मी कोनाचं नाव लिहू?"

आत्याबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, जणू मागच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं असेल. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो माझ्याकडं दिला. "कोराच आहे ना?" मी म्हटलं, "कोराच आहे." मग मी तांदूळ धुवायला उठले.

दिवाळीत नवं राज्य झालं आणि आम्ही न हलता भोपाळचे झालो. यजमान खरंच गोंधळले होते, की कुणावर दोष येऊ नये म्हणून त्यांनी तारीख जाणूनबुजून जाऊ दिली, हे मला आजवर कळलेलं नाही. मी आयुष्यात दोनदा विचारलं. एकदा "विसरलो" म्हणाले आणि एकदा "तसंच बरं होतं" म्हणाले. हळूहळू तेही मास्तरांसारखे हिंदीतले कागद लिहायला शिकले. मास्तरांनीच शिकवलं, आता दार उघडं ठेवून.

आत्याबाईंनी ती वाकळ पूर्ण केली. रामाकोन्याला काही गेल्या नाहीत. मी माझी एक साडी पुढं केली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही झाली आता, पुढच्यात लावू." पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी समोरासमोर बसून मोठी वाकळ घातली. शिवताना त्या अधूनमधून माझ्या बाजूला वाकून टाके बघत, काही बोलत नसत.

तीन वर्षांनी यजमानांची बदली पांढुर्ण्याला झाली. तोवर मला मुलगी झाली होती. सामान बांधून आम्ही मोटारीत बसलो. गावाबाहेर पडल्यावर आत्याबाई माझ्या कानाशी वाकल्या.

"खरं सांग. तूच तुह्या बापाले सांगून ही बदली करवली ना?"

"नाही, आत्याबाई. वरून हुकूम आला."

"माहेरच्या गावाचाच आला?"

"तसाच आला."

त्यांनी मान हलवली आणि लेकराला माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं. पांढुर्ण्याला त्या आमच्यापाशी अकरा वर्षं राहिल्या, माझ्या आईशी त्यांची चांगली गट्टी जमली, पण ती बदली आपोआप झाली यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.