मी कापलेला शेवटचा परिच्छेद

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण सांगतोच. चहा येईपर्यंत तरी हसून घ्या.

बत्तीस वर्षं मी बीड जिल्ह्यात बातमीदारी केली. ठेकेदारांशी भांडलो, साहेबांशी भांडलो, पण सगळ्यात जास्त भांडलो ते आमच्याच डेस्कवाल्यांशी. मी कडा गावाहून एसटीत उभं राहून बातमी आणायची आणि यांनी पंख्याखाली बसून तिचा शेवटचा परिच्छेद उडवायचा! का? तर म्हणे जागा नव्हती. अरे, खरी बातमी शेवटीच असते, हे ओरडून माझा घसा बसला.

हे ध्यानात ठेवा. पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

माझी मुलगी मुक्ता प्राणिशास्त्र शिकलेली. तिनं आमच्या बैठकीत समुद्र आणून ठेवला. हसू नका! आमच्याकडे नळ आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही आणि ही समुद्र पाळते. काचेची टाकी, खारं पाणी, निळा दिवा आणि मधोमध एक मऊ कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. दिसायला अळिंबीसारखं, वर शेकडो बारीक तुरे, सारखे डुलणारे. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता पोरीनं. चार वर्षं जपून तळहाताएवढा केला.

दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी ती रत्नागिरीला निघाली, तेव्हा माझ्या हातात चार पानं ठेवली. "बाबा, सगळं वाचा हं. तुमच्या भरवशावर सोडून जातेय."

चार पानं! जुन्या बातमीदाराच्या हातात चार पानं दिली की तो काय करतो? लाल पेन काढतो. 'शक्यतो' काप, 'साधारणपणे' काप. चौथं पान तर 'बाबा, घाबरून जाऊ नका' असं सुरू होत होतं. म्हटलं, हे भावनिक पाल्हाळ. पुढं न वाचताच आडवी रेघ! सात ओळींचा मजकूर टाकीला चिकटवला आणि बायकोला, सुमनला, दाखवला. "बघ, याला संपादन म्हणतात."

पाचव्या दिवशी कोरलचे सगळे तुरे आत गेले. सातव्या दिवशी अंगावर मेणासारखा पापुद्रा आणि त्यावर हिरवट शेवाळ!

"अवो, पोरीला फोन लावा की," सुमन म्हणाली.

"कशाला? मी शोध लावतो."

"तुमी? तुमाला सोताचा चष्मा घावत न्हाई!"

पण मला दोषी सापडला होता. पाणी! टाकीतलं जेवढं उडून जाईल तेवढं रोज जारचं शुद्ध पाणी घालायचं होतं आणि ते यायचं आमच्या गल्लीतल्या खालिदभाईंकडून. मी तडक त्यांच्या दुकानावर. चार बायका जार घेऊन उभ्या.

"खालिदभाई, काय पाणी देता हो? आमच्या घरात जीव आजारी पडलाय!"

"या अल्ला! कोन, साहेब? वहिनी?"

"कोण ते सोडा. बातमीच लावतो तुमची!"

"साहेब, आमची लेकरंबी हेच पाणी पितेत. तुमी तपासून तं घ्या."

तपासून? संतापलेल्या माणसाला तपासायला कुठला वेळ? मी पाठ फिरवली आणि गल्लीनं माझं काम हाती घेतलं. दुपारी एक जीव आजारी होता, चारला तो दवाखान्यात गेला, सहाला सलाईन लागलं. सातला शेजारीण सुमनला भेटायला खिचडीचा डबा घेऊन आली आणि दार उघडलं सुमननंच! दुसऱ्या दिवशी खालिदभाईंची गाडी भरलेल्या जारांसकट परत गेली.

तिकडे मी इलाजाला लागलो. मऊ टूथब्रशनं तो पापुद्रा घासून काढला. चांगला चिकट होता, म्हणून चांगला जोर लावला. खाली लाल-लाल दिसलं. जखमेला आपल्याकडे काय लावतात? बरोबर. हळद!

अर्ध्या तासात टाकी पिवळीधम्मक. सुमन कमरेवर हात ठेवून बघत होती. "झाली की कढी. फोडणी तेवढी राह्यली."

शेवटी तिनंच फोन लावला. मुक्ता रात्रभर प्रवास करून आली. चपलाही न काढता टाकीपाशी गेली. कोरल एका बाजूनं सडायला लागलं होतं.

"बाबा, चौथं पान वाचलं होतं ना?"

मी खणातून कागद काढला. लाल रेघेखाली पोरीचं सुबक अक्षर होतं. 'बाबा, घाबरून जाऊ नका. ते अधूनमधून मिटतं, अंगावर पापुद्रा येतो, त्यावर शेवाळही धरतं. ते कात टाकतंय. पंपाचा झोत तिकडे वळवा, आठवड्यात पापुद्रा आपोआप गळेल. हात मात्र लावू नका.'

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी तरबेज आहे. तिनं धारदार पात्यानं सडलेला भाग कापला, उरलेला अंगठ्याएवढा तुकडा दगडाला बांधला. चार वर्षं मागे. पाणी तिनं तपासलं. खालिदभाईंच्या पाण्यात काही म्हणजे काही दोष नव्हता.

मग मी गल्लीत दारोदार हिंडलो. "पाणी चांगलं आहे हो, चूक माझी." बायका मान डोलवायच्या आणि जार काही घ्यायच्या नाहीत. मी आयुष्यभर लोकांचे खुलासे आतल्या पानावर दोन ओळींत छापले. ते कुणी वाचत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. खालिदभाईंपुढे हात जोडले, तर त्यांनी खुर्ची दिली आणि ग्लासभर पाणी पाजलं. तो घोट अजून उतरलेला नाही.

मुक्ता परत निघाली तेव्हा टाकीला नवा कागद चिकटवून गेली. या वेळी मजकूर तीनच शब्दांचा: 'हात लावू नका.'

आणि जाताना माझ्या खिशातला लाल पेन घेऊन गेली.