दर तिमाहीचा अंगठा

वर्ध्याच्या विक्रीकर कचेरीबाहेर मी लोकांचे फॉर्म भरून द्यायचो. दर तिमाहीला रोहण्याचा एक म्हातारा किराणावाला यायचा. पुलगावपर्यंत पायी, पुढे रेल्वेनं. अंगठा उमटवला की शाई केसांना पुसायचा. विक्रीच्या रकान्यात दरवेळी शून्यच लिहायला सांगायचा. एकदा मी चेष्टेनं विचारलं, "बाबाजी, दुकानात काहीच खपत नाई का?"

"दुकान तं दोन साल झाले बंद हाय, बाबूजी."

मी हादरलोच. "मंग येता काऊन?"

"तुमीच तं म्हनलं होतं, फॉर्म नाई भरला तं जप्ती येते."

नोंदणी रद्द करायला एक साधा अर्ज पुरत होता. आज कबूल करतो, तेव्हाही मी ते सांगितलं नाही. शून्य लिहिलं, मजुरी घेतली आणि पुढच्या तिमाहीची तारीख सांगितली.