लवूकाकांचा बिल्ला

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही. मुलीलाही नाही. आई शेवटची आजारी होती तेव्हा तीन दिवस तिच्या उशाशी बसून होते, सांगायला वेळच वेळ होता — तेव्हाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही म्हणून असेल.

आधी अस्वलाचं सांगते. ते सोपं आहे.

गिरणी संपाचं दुसरं वर्ष. परळ-लालबागच्या चिमण्या थंड पडलेल्या, भोंगा बंद. माझे बाबा तरीही पहाटे उठायचे, दाढी करायचे, गिरणीतला पितळी बिल्ला धोतराच्या टोकाने पुसायचे, खिळ्याला परत अडकवायचे आणि मग दिवसभर खाटेवर बसून राहायचे. घरात पगार एकच, माझा. बी.एस्सी. झाले होते मी, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. विहारात माझा सत्कार झाला होता. मला गर्व होता का? होता. अजूनही आहे. तो लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

नोकरी शिवडीला, खाडीकडच्या एका जुन्या गोदामात. एका संस्थेने सोडवून आणलेल्या जनावरांसाठी तिथे केंद्र काढलं होतं. गोदीतल्या एका बोटीवर चोरून आणलेलं सूर्य-अस्वल सापडलं, ते आमच्याकडे आलं. पूर्वेकडच्या जंगलातली ही जात. आपल्या अस्वलापेक्षा लहान, अंगावर आखूड काळे केस, छातीवर पिवळी कोर. मादी होती. सगळे तिला पिवळी म्हणायचे. बोटीवर ती किती महिने खोक्यात होती कुणास ठाऊक. उभी राहून तासन् तास डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायची. आणि एक गोष्ट ती त्या खोक्यात शिकून आली होती — दार उघडलं की समोर जे असेल त्याच्यावर आधी तुटून पडायचं. केंद्राच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हिच्या दाराशी चूक चालणार नाही.

ती फक्त लवूकाकांना बघून डोलायची थांबायची.

लवूकाका पिवळीची देखभाल करायचे. तेही संपातलेच. तीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, काढलेली. साच्यांच्या आवाजाने डावा कान पूर्ण गेलेला, उजवा अर्धा. गिरणीत हे लोक हाताच्या खुणांनी बोलायचे, तीच सवय इथेही. ओंडक्याला भोकं पाडून त्यात मध भरायचे, आणि पिवळीची वीतभर लांब जीभ आत जायला लागली की माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. संप मिटला की आपण साच्यावर परत, हे रोज एकदा तरी सांगायचे. तुटलेला धागा डोळे मिटून जोडतो म्हणायचे, आणि हवेत बोटं फिरवून दाखवायचे.

पिवळीच्या दोन जागा होत्या. बाहेर आवार, आत खोली. मधलं लोखंडी दार बोळातून साखळी ओढून वर घ्यायचं. बोळातून खोलीचा मागचा कोपरा दिसत नसे. म्हणून काकांनी आपली पद्धत काढली होती. खोली धुवायला आत जाताना ते गिरणीचा बिल्ला साखळीशेजारच्या हुकाला टांगायचे. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला हाताला धरून तिथे नेलं.

"गो बाय, बिल्लो हंय टांगलेलो आसा म्हणजे मी भुतूर आसय. साखळेक हात लावचो नाय."

मी हसले होते. कॉलेजात शिकलेली मी, आणि हे गिरणीचं गणित इथे? मी रजिस्टर सुरू केलं. आत जाताना नाव, वेळ, सही. काका दोन दिवस लिहायचे, तिसऱ्या दिवशी विसरायचे. बिल्ला मात्र कधी विसरले नाहीत. मी त्यांची डॉक्टरांकडे तक्रारही केली, की हे नियम पाळत नाहीत. काकांना ते कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांनी गावचे दोन आंबे ठेवले.

आता त्या दुपारकडे यायला हवं. मी मुद्दाम लांबवतेय, तुम्हाला कळत असेल.

माझे कॉलेजचे सर केंद्र बघायला येणार होते. त्यांच्यासमोर पिवळीला आवारातून आत घेऊन वजनकाट्यावर चढवून दाखवायचं, असं मी ठरवलं होतं. साडी इस्त्रीची नेसले होते. सकाळपासून पिवळी खात नव्हती. मधाच्या ओंडक्याकडे फिरकली नव्हती. बंद दाराशी नाक लावून उभी होती, आणि डोलत नव्हती. इतकी स्थिर मी तिला कधी पाहिली नव्हती. मला ते खटकलं होतं का? खटकलं होतं. वहीत तशी नोंदही केली मी.

सर फाटकाशी आल्याचं कळलं. मी बोळात गेले. रजिस्टर उघडलं, त्या दिवसाचा रकाना कोरा. एकदा हाक मारली — काका आहात का आत? उत्तर आलं नाही.

तीस वर्षं साच्यांमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला मी पाठीमागून हाक मारली, आणि त्याच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवला. माझे स्वतःचे बाबा तसेच बहिरे होते. घरात आम्ही त्यांच्या खांद्याला हात लावल्याशिवाय कधी बोललो नाही.

साखळी ओढली.

दार वर गेलं, पिवळी जाळीपलीकडून, माझ्या पायाजवळून आत गेली, आणि काही क्षण नुसता पाण्याचा आवाज येत होता. काका ओरडले नाहीत. ओरडली ती मी. डॉक्टर धावले, पाण्याचा पाइप, रिकामे डबे, कोणी तरी पिवळीला आवारात परत हाकललं. त्या गडबडीत मला भिंतीवर बारीक आवाज ऐकू आला. टक, टक, टक. साखळीच्या हिसक्याने बिल्ला हुकावर हलत होता. माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

तो मी काढला आणि कमरेला खोचला. कोणी सांगितलं नव्हतं. विचारही केला नव्हता — असं लिहिणार होते, पण ते खोटं. विचार केला होता. नोकरी, घर, विहारातला सत्कार, फाटकाशी उभे असलेले सर. सगळं एका श्वासात आठवलं, आणि मग हात वर गेला.

डॉक्टरांनी संध्याकाळी विचारलं, "बिल्ला होता का हुकावर?"

मी म्हटलं, "नव्हता."

एवढंच. रजिस्टर कोरं होतंच. माझ्या वहीला डॉक्टरांनी शाबासकी दिली.

काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. इस्पितळात भेटायला गेले तर तेच माझी समजूत काढायला लागले. बिल्ला टांगल्यासारखं वाटत होतं त्यांना, पण तू शिकलेली, तू खोटं कशाला बोलशील, असं म्हणाले. म्हातारा झालो, विसरलो असेन. आणि मग स्वतःच्या डोक्यावर डाव्या हाताने हलकेच टपली मारली. मी मोसंबी सोलत होते. बिल्ला माझ्या पर्समध्ये होता. एकेक फोड त्यांच्या डाव्या हातावर ठेवत गेले.

हलगर्जीपणाचा ठपका ठेवून त्यांना काढलं. ते मालवणला गेले. पिवळीला धोकादायक ठरवून मागच्या बिनआवाराच्या पिंजऱ्यात हलवलं. तिथे ती अकरा वर्षं जगली. झरोक्यातून तिचा भात मीच सरकवायचे. माझी चाहूल लागली की ती डोलायला लागायची.

तुम्हाला वाटलं असेल, हेच ते. नाही. अजून आहे.

खूप वर्षांनी — गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, मी केंद्राची प्रमुख झाले — काकांची मुलगी सुमन ऑफिसात आली. काका वारले होते. गिरणी कामगारांना घरं द्यायची म्हणून अर्ज मागवले होते, आणि पुरावा हवा होता. गावच्या घरात कागद वाळवीने खाल्लेले, गिरणीत विचारायला गिरणीच उरली नव्हती. बाबांचा बिल्ला इथेच कुठेतरी हरवला, ते शेवटपर्यंत म्हणायचे. त्याच्यावर नंबर आहे, खातं आहे, सापडला तर बघता का, असं ती म्हणाली. मला ताई म्हणत होती. कोकमाची बाटली आणली होती तिने.

बिल्ला टेबलाच्या खणात होता. माझ्या गुडघ्याला खणाची कड लागत होती.

मी कपाट उघडून शोधल्यासारखं केलं. दोन फायली काढल्या, परत ठेवल्या. नाही सापडत गं, म्हटलं. चहा पाजला. ती पायऱ्या उतरताना दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते, हात हलवत.

त्या दुपारी मी घाबरले होते, असं तरी म्हणता येतं. सुमनच्या वेळी कशाला घाबरले? कोणी काय केलं असतं माझं? काही नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि लोक मला मान देत होते, बस. तिला घर मिळालं नाही. मी चौकशी केली होती.

विहारात आजही पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, मी ओठ हलवते. आवाज काढत नाही. कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

बिल्ला समोर ठेवून हे लिहितेय. पितळ काळं पडलंय, मी तो कधी पुसला नाही. लवू गावकर. साचेखातं. नंबर चार हजार एकशे सत्तावीस.

तो हुकावर होता.